आईची मूठ आणि मॅडमची तागडी

माझी आई दुसऱ्यांना शिकवायला उभी राहिली तेव्हा तिनं चाळिशी ओलांडली होती आणि सही सोडून तिला दुसरं काही लिहिता येत नव्हतं. पुढे तिनं नांदगाव खंडेश्वरापासून पार धारणीपर्यंत, जिथे जीप जाते तिथे जीपनं आणि जिथे जात नाही तिथे पायी जाऊन, बायांना मसाला करायला आणि तो विकायला शिकवलं. लोक मला विचारतात, तुमच्या आईला हे कुणी शिकवलं? मी सांगते, तिला येतच होतं. हे उत्तर सोपं आहे म्हणून मी ते देते. खरी गोष्ट एका उन्हाळ्याची आहे. त्या उन्हाळ्यात आईचं काम सुरू झालं आणि सुरू होता होताच बुडायला आलं. त्या घोळात माझाही वाटा होता, आणि त्या उन्हाळ्यानंतर तो मी कुणाला सांगितलेला नाही.

आमचं गाव दर्यापूरपासून जीपनं अर्ध्या तासावर. घर दोन खोल्यांचं, पुढे पत्र्याची पडवी. उन्हाळ्यात चूल पडवीत यायची आणि पाऊस लागला की परत आत जायची. आतल्या भिंतीवर निळ्या चौकटीतल्या दोन तसबिरी, त्यांच्याखाली फळीवर माझी पुस्तकं, आणि पुस्तकांच्या शेजारी आईचे मसाल्याचे डबे. माझ्या दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकाला शेवटपर्यंत दगडफुलाचा वास होता. बाबा दर्यापूरला जिनिंगमध्ये कामाला होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, मिशीत कापूस अडकलेला असायचा. "आलं वं शालू, तुह्या मायचं म्हतारं," असं ते स्वतःच म्हणायचे आणि आई त्यांच्या अंगावर तांब्याभर पाणी फेकायची. बाबा तेव्हा पंचेचाळिशीचेही नव्हते.

रविवारी आमच्याकडे पातोडी व्हायची. मटण महिन्यातून एखाद्या वेळी, पातोडी मात्र ठरलेली. बेसन शिजवून ताटात थापायचं, त्याच्या वड्या पाडायच्या आणि वर काळपट लाल रस्सा, ज्यावर बोटभर तर्री. बाबा भाकर कुस्करून त्यात रस्सा ओतायचे, पहिला घास खायचे आणि एक मोठ्ठा ठसका द्यायचे. तो ठसका म्हणजे पावती. ठसका आला नाही तर आई विचारायची, "काहून, बिघडलं का?" आमच्या गल्लीतल्या बाया रविवारी काही ना काही निमित्त काढून वाटी घेऊन यायच्या. कुणाला मीठ हवं असायचं, कुणाला विरजण. परत जाताना वाटीत रस्साच असायचा.

आईचा मसाला असा काही गुपिताचा नव्हता. मिरची आणि धने ती पायलीनं मोजून घ्यायची. बाकी सगळं, म्हणजे लवंग, मिरं, दालचिनी, शहाजिरं, खसखस, तीळ, दगडफूल आणि खोबऱ्याचा कीस, हे मुठीनं. प्रत्येक वस्तू वेगळी भाजायची, कढईशेजारून हलायचं नाही. तीळ तडतडायला लागले की ती म्हणायची, "बोलले, उतरव." दगडफुलाला मात्र ती वेळ द्यायची. मग उखळ. मुसळ खाली आलं की तिच्या छातीतून 'हं' असा आवाज निघायचा आणि वर गेलं की बांगड्या वाजायच्या. त्या दोन आवाजांमध्ये मी गणितं सोडवली, निबंध पाठ केले, दुपारी झोपले. उन्हाळ्यात गावातल्या सात-आठ घरचे मसालेही आईच कुटायची, रोजानं. ज्यांच्या घरी तिच्या हातचं पाणी प्यायला लोकांना जड जायचं, त्यांच्या घरचा वर्षभराचा मसाला तिच्याच हातचा होता. मी हे एकदा बाबांना म्हटलं, तर ते म्हणाले, "कुटला की हातचा बाट निंगून जाते वाटते." आणि आई-बाबा दोघंही हसले. मला तेव्हा त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नव्हतं. आता कळतं, पण हसू येत नाही.

मी दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत होते तेव्हा अकोल्याहून सुनंदा मॅडम आल्या. सुती साडी, हातात छत्री, खांद्यावर ज्यूटची भलीमोठी पिशवी. एका संस्थेचं प्रशिक्षण होतं, महिनाभराचं. बायांनी गट करायचा, मसाला तयार करायचा, पाकिटात भरायचा आणि गावाबाहेर विकायचा. जुन्या शाळेची एक खोली मिळाली. पंधरा बाया जमल्या आणि बरोब्बर दोन बाजूंना बसल्या. मधली सतरंजी रिकामी. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण आमच्या गावात सतरंजीलाही ठाऊक असायचं कुणी कुठे बसायचं. मॅडमनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि त्या रिकाम्या सतरंजीच्या मधोमध फतकल मारून बसल्या. "मला दोन्हीकडचं ऐकू यायला पाहिजे," एवढंच म्हणाल्या.

पलीकडच्या बाजूला नलूबाई होत्या. त्यांच्या घरची काळी जमीन गावाच्या तीन बाजूंना. त्या गटात का आल्या याचं लोकांना मोठं नवल. आमची शेजारीण सरूबाई, जिच्या तोंडाला झाकण म्हणून नव्हतं, तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "पाटलीनबाई, तुमाले कायले पायजे हे?" नलूबाई म्हणाल्या, "सून आली नं घरात. चुलीजवळ जाऊ देत नाई मले. मंग मी काय भिंतीकडे पाहत बसू?" त्यावर दोन्हीकडच्या बाया हसल्या. गटाचं पहिलं हसू ते.

मॅडम कडक होत्या. केस बांधा, नखं दाखवा, भाजलेलं पूर्ण निवल्याशिवाय पाकिटात भरायचं नाही, नाहीतर आत वाफ धरते. मिरची दळताना घरी आपण तेलाचा हात लावतो, तो इथे लावायचा नाही, पाकिटात खवट होतं. बायांना हे सगळं पटायला वेळ लागला. सरूबाई म्हणाली, "आमच्या सासूच्या सासूपासून तेल लावून राहिलो आमी." मॅडम म्हणाल्या, "सासूच्या सासूनं पाकीट कधी विकलं होतं का?" सरूबाई गप्प झाली, हे मी आयुष्यात दोनदाच पाहिलं, त्यातली ही पहिली वेळ. मग विकण्याचा सराव. सरूबाई दुकानदार आणि नलूबाई विकणारी. नलूबाईंनी पाकीट समोर ठेवलं आणि म्हणाल्या, "घ्या. नाईतं राहू द्या." मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो, जरा चांगलं सांगा मालाबद्दल!" नलूबाई म्हणाल्या, "चांगला असन तं तो घेईन. मी काहून त्याच्या पाया पडू?" पंधरा दिवसांनी याच नलूबाई दर्यापूरच्या बाजारात एका किराणावाल्याला अर्धा तास सोडत नव्हत्या, हेही मी याच डोळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी सगळ्यांना आपापल्या घरच्या मसाल्याची एकेक डबी आणायला सांगितली. एकाच गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, एकच भाजी शिजवून तिचे वाटे केले आणि प्रत्येक वाट्यात वेगळा मसाला घातला. आईच्या डबीचा वाटा सगळ्यांत आधी संपला. कुणाचा आहे हे नलूबाईंना कळायच्या आत त्या दोनदा वाढून घेऊन बसल्या होत्या. वीस वर्षं त्यांच्या घरचा मसाला आईनं कुटला होता, पण सामान आणि प्रमाण त्यांचं. आईच्या स्वतःच्या घरचा मसाला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ला. मॅडम ती डबी घेऊन अमरावतीला एका खानावळीत गेल्या. मालकानं चव घेतली आणि म्हणाला, हाच मसाला द्या, आधी दहा किलो, जमलं तर लग्नसराईभर. मॅडम परत आल्या तेव्हा जीपमधून उतरायच्या आधीच ओरडून सांगत होत्या. बायांनी टाळ्या वाजवल्या. आई मात्र पदर तोंडात धरून कोपऱ्यात उभी राहिली. मॅडम तिला म्हणाल्या, "पंचफुलाबाई, पुढच्या महिन्यात अकोल्याला शिकवणाऱ्या बायांचं शिबिर आहे. मी तुमचं नाव देणार." आईनं मला हळूच विचारलं, "शिकवनाऱ्या बाया म्हन्जे मॅडमसारख्या?" मी हो म्हटलं. त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता ती दोनदा उगाचच हसली.

आता प्रमाण लिहून काढायचं होतं. आधी पायलीभर मिरचीचं, मग त्यावरून दहा किलोचं, वीस किलोचं. मुठीवर गट चालत नाही, मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचं बरोबर होतं. पिशवीतून पितळी तागडी आणि वजनांची लाकडी पेटी निघाली. गटानं वर्गणी काढून सामान आणलं होतं. ते पोत्यांतून, पुड्यांतून टेबलावर मांडलं. आईनं एकेक मूठ घ्यायची, तागडीत टाकायची, मी वजनं चढवायची आणि वहीत लिहायचं. माझं अक्षर चांगलं म्हणून मला हे काम. मी नवीन शाईपेन घेतला होता. प्रत्येक वस्तूसमोर सरळ रेघ, रेघेसमोर आकडा. मॅडम म्हणाल्या, "वा, ही तर गटाची लेखनिक!" माझं डोकं आभाळाला लागलं.

आणि इथे मला माझी चूक सांगायची आहे. मी आईची मूठ लहानपणापासून पाहिली होती. घरी ती खसखस घ्यायची तेव्हा बोटांच्या फटींतून दाणे गळायचे आणि ती म्हणायची, "सांडलं ते मुंग्यांचं." त्या दिवशी टेबलावर एक दाणा सांडला नाही. अंगठा आत दुमडलेला होता. मला ते दिसलं. काहीतरी वेगळं आहे असं मनात येऊनही गेलं. पण माझ्या रेघा सरळ येत होत्या, मॅडम कौतुकानं पाहत होत्या आणि मला थांबायचं नव्हतं. मी आकडे लिहीत गेले.

त्या प्रमाणानं दहा किलो मसाला झाला. दर्यापूरच्या कांडप मशीनवर कुटून आणला, निववला, भरला, पाकिटांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. चार दिवसांनी मॅडम आल्या त्या खाली मान घालूनच. जीपमधून पोतं उतरवलं. खानावळवाल्यानं सगळा माल परत पाठवला होता. तो म्हणाला होता, रंग आहे, तिखट आहे, पण डबीतली चव यात नाही, तुम्ही मला एक दाखवलं आणि दुसरं दिलं.

शाळेच्या खोलीत ते पोतं मधल्या सतरंजीवर ठेवलं. मग नलूबाई बोलल्या. "डबीत एक अन् पोत्यात दुसरं. पंचफुले, तू हातचं राखून सांगितलं."

आई म्हणाली, "जे घेतलं ते तुमच्यासमोर घेतलं."

"मंग चव कुठं गेली? पायानं चालत गेली का?"

"मले नाई मालूम."

"तुले नाई मालूम तं कोनाले मालूम? आमी सगळ्याईनं पदरचं घालून सामान आणलं, अन् तू घरचं घरीच ठेवलं."

आईनं आमच्या बाजूच्या बायांकडे पाहिलं. सरूबाई तिच्याजवळ सरकली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "एखांदी वस्तू राहून गेली असन बाई. सांगून टाक. कोनी काई म्हननार नाई." नलूबाईंच्या बोलण्यानं आईचं काही बिघडलं नसतं, ती सवय तिला होती. सरूबाईच्या या मायेच्या बोलण्यानं तिचा चेहरा उतरला. आपल्या माणसांनीही ते खरं धरलं होतं. मॅडमनी सांगितलं की खानावळवाल्याकडून त्यांनी आणखी एक संधी मागून घेतली आहे, सोमवारी पुन्हा करून पाहू. नलूबाई म्हणाल्या, "करा. पन ज्या बाईनं आपल्या गटाशी असं केलं तिचं नाव अकोल्याले धाडू नका. ते काय शिकवन लोकाईले?" मॅडमनी परत आलेली पाकिटं मोजायला घेतली. त्यांनाही खात्री नव्हती, हे माझ्या लक्षात आलं.

घरी आल्यावर आईनं त्या परत आलेल्या मसाल्याचं एक पाकीट फोडलं आणि रविवार नसताना पातोडी केली. बाबा आले, हातपाय धुतले, भाकर कुस्करली, घास खाल्ला. ठसका नाही. त्यांनी आणखी एक घास खाल्ला.

"हे कोनाच्या घरून आणलं?"

"मीच केलं," आई म्हणाली.

"नोय. तिखट लागते, पन आत काईच नाई. सामान काढून नेलेल्या घरावानी." मग तिच्याकडे पाहून ते म्हणाले, "तू काई लपवलं नाई, मले मालूम हाय. पन हे तुह्या हातचं नाई एवढंही मालूम हाय."

बाबांचं ते वाक्य माझ्या डोक्यात रुतलं. आईनं लपवलं नाही हे खरं. मसाला आईचा नाही हेही खरं. मग मधे राहिलं काय? माझी वही.

शाळेच्या खोलीची किल्ली लेखनिक म्हणून माझ्याकडेच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तागडी आणि वजनाची पेटी घरी आणली आणि धान्याच्या कोठीमागे लपवली. आईला थाप मारली की अकोल्याच्या मावशीचा निरोप आहे, पायलीभर मिरचीचा ताजा मसाला करून पाठव. आई विहिरीवर गेली तेव्हा मी फळीवरचे सगळे डबे एकेक करून तोलले. आल्यावर तिनं चूल पेटवली आणि नेहमीसारखी मुठीमुठीनं एकेक वस्तू भाजली. मी समोर बसून बारावीपर्यंत शिकायचं की नर्सिंगला जायचं असल्या गप्पा मारत राहिले. ती कुटायला उखळाशी बसली तसे मी पुन्हा डबे तोलले आणि आधीच्या वजनातून वजा केले. आकडे पाहून मला वाटलं माझी वजाबाकी चुकली. पुन्हा केली. मिरची आणि धने वहीप्रमाणेच. खोबरं दीडपट. लवंग, खसखस, शहाजिरं आणि दगडफूल जवळजवळ दुप्पट. जितकी वस्तू महाग तितका फरक जास्त.

मी धावत जाऊन तिला सांगितलं. तिनं मुसळ थांबवलं. "तुही तागडी खराब असन," ती म्हणाली. मग स्वतःची मूठ उघडून पाहिली, मिटली, परत उघडली. "मी तं तेवढीच घेतली वं. जेवढी घरी घेतो तेवढीच." ती खोटं बोलत नव्हती. आपली मूठ तिथे लहान झाली हे तिला खरोखरच माहीत नव्हतं.

पण मला त्या क्षणी एक जुनं चित्र दिसलं. मी सहा-सात वर्षांची असेन. नलूबाईंच्या अंगणात आई मसाला कुटते आहे, नलूबाई ओसरीवर बसून सुपारी कातरताहेत आणि त्यांची नजर आईच्या हातांवर आहे. कढईत लवंग टाकताना त्या म्हणायच्या, "हात दाखव." काम संपलं की आई अंगणाच्या मधोमध उभी राहायची, पदर दोन्ही हातांनी पसरायची आणि झटकायची. पहिल्या वर्षी कधीतरी नलूबाईंनी सांगितलं असेल. मी पाहिलं तेव्हा सांगायची गरज उरली नव्हती. आई आपणहून झटकायची, वर हसायचीही, आणि माझं बोट धरून घरी यायची. असे वीस उन्हाळे. दुसऱ्याच्या सामानात हात घातला की मूठ कमी भरायची, म्हणजे कुणाला बोलायला जागा राहत नाही, हे तिच्या बोटांनी शिकून घेतलं होतं. तिला न विचारता.

आज मी हे लिहिते आहे तेव्हा माझे डोळे कोरडे नाहीत, आणि ते तसे नाहीत हे सांगायला मला लाजही वाटत नाही. पुढे धारणीकडच्या गावांत आई शिकवायला जायची तेव्हा दोन-तीनदा मी तिच्यासोबत गेले. पहिल्या दिवशी ती तागडी पिशवीतून काढतच नसे. सगळ्या बायांना आधी पोत्यांत हात घालायला लावायची, लवंगेच्या, खसखशीच्या. "घ्या, पुन्हा घ्या," म्हणायची. सोबतच्या अधिकाऱ्यांना वाटायचं, या बाईला शिस्त नाही. पुस्तकातून शिकून आलेल्या किती जणींना हे सुचलं असतं, सांगा बरं! माझ्या आईला सुचलं. तिच्याएवढी शिकलेली बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि हे मी पदवीधर लेक म्हणून नाही, दोघींचं शिक्षण जवळून पाहिलेली बाई म्हणून सांगते.

सोमवारी खोली भरली होती. सामान पुन्हा टेबलावर मांडलं होतं. मी मॅडमना म्हटलं, मला आधी बोलू द्या. मी वही उघडली आणि एका बाजूला शाळेतले आकडे, दुसऱ्या बाजूला घरचे, असं वाचून दाखवलं. शेवटी सांगितलं, की त्या दिवशी मूठ लहान दिसत होती आणि मी ते पाहूनही लिहीत गेले. मॅडमनी वही घेतली, आकडे पाहिले आणि पुटपुटल्या, "म्हणजे वस्तू एकही लपवलेली नाही."

नलूबाईंनी हात कमरेवर ठेवले. "बरं. मंग घरी भरते अन् इथंच काहून भरत नाई मूठ? आमी काय तिचा हात धरला होता?"

मला उत्तर ठाऊक होतं, पण सोळा वर्षांच्या पोरीनं ते भर खोलीत नलूबाईंच्या तोंडावर सांगावं, एवढी छाती नव्हती माझी. आई भिंतीशी बसली होती. ती उठली. माझ्याकडे पाहिलं नाही, मॅडमकडेही नाही.

"धरला होता, पाटलीनबाई," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "वीस वरसं धरला. तुमच्या अंगनात माह्या मुठीनं कधी पोटभर घेतलं नाई. घरी जायच्या आधी मी पदर झटकत होतो, तुमी पाहत होत्या. एक लवंग निंगाली का कधी?"

नलूबाईंनी पदर खांद्यावर ओढला.

"निंगाली का? सांगा."

"नाई," नलूबाई म्हणाल्या.

"मंग. मले वाटलं मी इसरली ते. पन ह्या हातानं ध्यानात ठेवलं. तुमी समोर बसल्या, अन् सामान माहं एकटीचं नाई, की तो आपोआप आखडते. मी काई चोरलं नाई. तवाही नाई, आताही नाई."

सरूबाई गप्प होती. ही ती दुसरी वेळ. माफी मागणं नलूबाईंच्या स्वभावात नव्हतं आणि त्यांनी ती मागितलीही नाही. त्या पुढे आल्या, लवंगेचं पोतडं दोन्ही हातांनी उचललं आणि आईच्या समोर आणून ठेवलं. पोतड्याचं तोंड स्वतः उघडून दिलं. मग वळून बायांना म्हणाल्या, "चला वं, तिकडं तोंड करा सगळ्याजनी. घेऊ द्या तिले. मीही नाई पाहत."

बाया खरंच वळायला लागल्या. दोघी-तिघींनी तर पदर डोळ्यांवर घेतला. मॅडमही खिडकीकडे वळल्या.

"कोनी वळू नका," आई म्हणाली. "इकडं पाहा. पाटलीनबाई, तुमी तं समोरच बसा."

नलूबाई परत वळल्या आणि समोरच्या सतरंजीवर बसल्या. आईनं बांगड्या वर सारल्या, हात पोतड्यात मनगटापर्यंत घातला आणि बाहेर काढला. लवंगा बोटांच्या फटींतून टेबलावर, जमिनीवर, नलूबाईंच्या पायांशी पडल्या. आईनं मूठ तागडीत उघडली. मी वहीतल्या जुन्या आकड्याचं वजन दुसऱ्या पारड्यात ठेवलं. लवंगांचं पारडं हललं नाही. मी आणखी एक वजन ठेवलं. तरी नाही. मी पेटीत तिसरं शोधायला लागले तेव्हा माझ्या हातातून दोन वजनं खाली पडली आणि नलूबाईंनी ती उचलून मला दिली.

"बाप्पा!" सरूबाईच्या तोंडातून निघून गेलं. "एवढी मोठी मूठ हाय का तुही, पंचफुला?"

"हाय नं," आई म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "लिव वं शालू."